सेंद्रिय कोला घ्यायचा की नाही? बाटलीची मागची बाजू आधी वाचा

विट्याहून एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला कोल्याची सवय लागली आहे. पुढच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस आहे आणि दहा मित्र घरी येणार आहेत. सांगलीतल्या एका दुकानात त्यांना काचेच्या बाटलीतला ‘ऑरगॅनिक कोला’ दिसला, नेहमीच्या बाटलीच्या तिप्पट किमतीचा. शेजारीच सेंद्रिय गुळाचा सोडाही होता. त्यांच्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि ते म्हणतात, ‘गुळाचा असेल तर मला चालतो.’ तिप्पट पैसे द्यावेत का, दोन्हींतलं कोणतं निवडावं आणि सासऱ्यांना द्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी सासऱ्यांचं सांगते, कारण ते आजच थांबवायला हवं. गुळाचा सोडा त्यांना देऊ नका. गूळ सेंद्रिय असो वा साधा, त्यात बहुतांश साखरच असते, आणि पेयातून पोटात गेलेली साखर रक्तात फार लवकर चढते. गुळात लोह असतं हे खरं, पण एका बाटलीपुरत्या गुळात जेवढं असतं त्याहून जास्त बाजरीच्या एका भाकरीत मिळतं. त्यांना फसफसणारं काही हवंसं वाटत असेल तर साध्या सोड्यात लिंबू पिळा आणि वर भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका. रक्तदाबही असेल तर मीठ घालू नका. ‘गुळाचं आहे म्हणून चालतं’ हे वाक्य मी आपल्या भागात घरोघरी ऐकते, आणि ते ऐकून गप्प बसणं मला जमत नाही.

आता कोल्याकडे वळू. मी अन्नतंत्रज्ञ आहे. सुरुवातीची सात वर्षं शीतपेयाच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काढली. त्यानंतरची पंधरा वर्षं सांगली-साताऱ्यातली गुऱ्हाळं आणि सरबत-सोडा करणारे लहान उद्योग यांना सेंद्रिय प्रमाणपत्राच्या कामात मदत करते आहे. सेंद्रिय शेती वाढावी असं मनापासून वाटणारी मी बाई आहे, आणि तरीही तुम्हाला सांगते: बाटलीवरचा ‘ऑरगॅनिक’ शब्द ऊस शेतात कसा वाढला ते सांगतो. तो ऊस साखर होऊन मुलाच्या अंगात गेल्यावर काय करील, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

हे मला एकदा तासगावात फार सोप्या रीतीने दाखवता आलं. तिथे द्राक्षबागायतदारांच्या घरी ब्रिक्समीटर असतो, द्राक्षात गोडी किती भरली ते बघायचा. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथे पडते तो आकडा, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम रसात तेवढे ग्रॅम साखर. एका बैठकीत मी तीन बाटल्या नेल्या होत्या: नेहमीचा कोला, एक सेंद्रिय कोला आणि गुळाचा सोडा. आदल्या रात्री तिन्ही पेल्यांत ओतून उघडे ठेवले, कारण आत वायू राहिला तर रेघ हलते. सकाळी बागायतदारांनीच एकेक थेंब टाकून पाहिला. नेहमीचा कोला साडेदहाच्या पुढे, सेंद्रिय कोला नऊ, गुळाचा सोडा अकरा. मीटर हातोहात फिरला. एका काकांनी काच पुसून पुसून सोडा तीनदा तपासला, आणि घरी नातवासाठी आणलेलं गुळाच्या सोड्याचं खोकं त्याच दिवशी दुकानात परत केलं.

या आकड्यांचा हिशोब घरात करून बघा. नेहमीच्या कोल्यात शंभर मिलीला साधारण साडेदहा ते अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे अडीचशे मिलीच्या बाटलीत सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. चहाच्या चमच्यानं मोजली तर सहा चमच्यांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. मोठ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. त्यात मध, काकवी, फळांचा रस हे सगळं धरलेलं आहे. अकरा वर्षांच्या मुलाची एक बाटली झाली की तो हिशोब तिथेच संपला, मग बाटली सेंद्रिय असली तरी.

मग सेंद्रिय कोल्यात वेगळं काय असतं? बरंच असतं. नेहमीच्या कोल्याच्या लेबलवर ३३८ हा आकडा दिसेल. ते फॉस्फोरिक आम्ल, जिभेला ती कोरडी, धारदार आंबट चव देणारं आणि स्वस्त. १५०डी म्हणजे कॅरमेलचा रंग, पण आपण घरी साखर जाळून करतो तसला नव्हे. तो अमोनिया आणि सल्फाइटच्या संयुगांबरोबर तापवून केलेला असतो. सेंद्रियच्या नियमात हे दोन्ही बसत नाहीत. तिथे आंबटपणासाठी लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल येतं, आणि रंगासाठी नुसती जळलेली साखर. २११ क्रमांकाचं सोडियम बेंझोएट हे पेय टिकवणारं परिरक्षकही चालत नाही. ९५०, ९५१, ९५५ हे कृत्रिम गोडवे तर नाहीतच, म्हणून ‘शुगर फ्री ऑरगॅनिक कोला’ असं कुणी विकत असेल तर तो गोडवा कुठून आला हे आधी विचारा. आपल्याकडची बहुतेक पांढरी साखर गंधकाचा धूर देऊन स्वच्छ केलेली असते. सेंद्रिय साखरेत तेही नसतं. हे फरक खरे आहेत. चवीतही ते कळतात: सेंद्रिय कोला थोडा फळासारखा लागतो, नेहमीच्यासारखा घशाला चावत नाही.

दोन गोष्टी मात्र बदलत नाहीत. एक कॅफिन. ते कॉफीच्या बियांतून काढलेलं असलं तरी कॅफिनच. अडीचशे मिली कोल्यात साधारण पंचवीस मिलिग्रॅम असतं, म्हणजे कपभर चहात असतं तेवढं किंवा त्याहून थोडं कमी. संध्याकाळी सहानंतर मुलाला देऊ नका, झोप मोडते. दुसरं दात. दातांवरचं कवच आम्लात विरघळतं, आणि लिंबाचं आम्ल फॉस्फोरिकपेक्षा सौम्य असेल असं समजू नका. घोट घोट करत तासभर बाटली धरून बसण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच पिऊन वर पाण्यानं चूळ भरणं बरं.

आता शेतात मारलेल्या औषधांच्या, म्हणजे कीटकनाशकांच्या, अवशेषांबद्दल. लोक तिप्पट पैसे देतात ते मुख्यतः याच भीतीपोटी. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन, क्लोरपायरीफॉस यांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. संसदेनं शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली, आणि २००४च्या अहवालात समितीनं तो निष्कर्ष मान्य केला. तेव्हा जे कळलं ते आजही लक्षात ठेवण्याजोगं आहे: संशयाचं मोठं बोट पाण्याकडे होतं, जमिनीतून उपसलेल्या पाण्याकडे. बाटलीत शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं. आणि सेंद्रिय टक्केवारी मोजताना पाणी आणि मीठ धरतच नाहीत. शेतीतून आलेल्या बाकीच्या घटकांपैकी ९५ टक्के सेंद्रिय असले की ‘ऑरगॅनिक’ लिहिता येतं. त्यामुळे पाणी कुठलं आणि कसं शुद्ध केलं, हा प्रश्न सेंद्रिय बाटलीलाही विचारायचा असतो. चांगला उत्पादक त्याचा तपासणी अहवाल दाखवायला का-कू करत नाही.

साखरेच्या बाजूनं पाहिलं तर साखर कारखान्यात रस उकळून, गाळून, दाणा पाडून घेतात आणि नको ते बरंचसं मळीत निघून जातं. पांढऱ्या दाण्यात अवशेष उरायची शक्यता फार कमी. म्हणून साखरेच्या कोल्यात ‘सेंद्रिय’मुळे तुमच्या मुलाच्या पोटात जाणाऱ्या अवशेषांत पडणारा फरक लहान आहे. गुळाचं तसं नाही. रसात जे असेल ते बहुतेक सगळं ढेपेत उतरतं, त्यात गुऱ्हाळावर काय घातलं तेही आलं.

हे कळायला गुऱ्हाळावर पहाटे जाऊन उभं राहावं लागतं. कऱ्हाड तालुक्यातल्या एका सेंद्रिय गुऱ्हाळावर मी दरवर्षी हंगामात जाते. चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत असतो. काहिलीतला रस तापायला लागला की भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवून काढलेला बुळबुळीत चीक त्यात सोडतात. थोड्या वेळानं हिरवट-काळपट मळी साय धरल्यासारखी वर येते, आणि गुळव्या ती झाऱ्यानं कडेकडेनं ओढून काढतो. घाई केली तर ती परत रसात मिसळते. शेवटी गूळ निघतो तो गडद, तांबूस-काळा. याउलट ज्यांना बाजारात पिवळाधमक गूळ विकायचा असतो ते हायड्रॉस पावडर मारतात. रंग झटक्यात उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात राहतो. व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघंही पिवळा रंग बघूनच भाव करतात, हे सांगताना गुळव्याच्या तोंडावर जे दिसतं ते मला विसरता येत नाही. गुळाचा सोडा घेणार असाल तर तो सेंद्रियच घ्या, आणि रंगानं गडद असलेला घ्या. इथे तुमचे जादा पैसे वाया जात नाहीत.

आल्याच्या सोड्यालाही, ज्याला जिंजर एल म्हणतात, हाच नियम लावते. सातारा जिल्हा आल्याचा. कोरेगाव-कऱ्हाडकडचे शेतकरी कंदकूज थांबवायला बुरशीनाशकाची आळवणी करतात, आणि औषध थेट कंदाच्या भोवतीच्या मातीत जातं. तोच कंद किसून आपण पितो. लिंबाच्या सालीच्या तेलाचंही तसंच, फवारणी बसते ती सालीवर. म्हणजे कोल्यापेक्षा आल्या-लिंबाच्या पेयात सेंद्रिय असण्याला जास्त किंमत आहे.

‘रेसिड्यू फ्री’ आणि ‘ऑरगॅनिक’ एकच समजू नका. तुमच्याकडच्या द्राक्षवाल्यांना हा फरक २०१०पासून चांगला ठाऊक आहे. त्या वर्षी क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचा माल अडकला होता. रेसिड्यू फ्री म्हणजे औषध मारलं असेल, पण काढणीपूर्वी ठरलेले दिवस पाळल्यानं अंश मर्यादेच्या आत आहे. सेंद्रिय म्हणजे तसलं औषध मारलंच नाही. दोन्ही प्रामाणिक असू शकतात, पण दोन्हींची किंमत एकच असू नये.

दुकानात उभं राहून काय बघायचं ते सांगते. बाटली हातात घेतली की पुढचं पान-फूल-शेताचं चित्र सोडा, बाटली फिरवा. ‘जैविक भारत’चं चिन्ह शोधा; एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१७च्या नियमांनी ते ठरवलं. त्याच्या जोडीला ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस इंडिया ऑरगॅनिक’ यांपैकी एक चिन्ह आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव असतं. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची शेतं तपासून दिलेली हमी. पीजीएस ग्रीन लिहिलं असेल तर ती जमीन अजून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. वर्षाला १२ लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेला लहान शेतकरी स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग तो जैविक भारतचं चिन्ह लावू शकत नाही. अशा माणसाकडून घ्यायचं असेल तर शेत बघून घ्या. आपल्या जिल्ह्यात ते अवघड नाही. नुसतं ‘नॅचरल’, ‘केमिकल फ्री’, ‘गावरान’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला सेंद्रिय म्हणून जादा पैसा देऊ नका.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. पाण्यानंतर लगेच साखर किंवा गूळ आला आणि आलं-लिंबू शेवटून दुसरं असेल तर काय पिताय ते कळलंच. सगळ्यात शेवटी पोषणाची चौकट. तिथे ‘प्रति सर्व्हिंग’ हा रकाना सोडून ‘प्रति १०० मिली’चा साखरेचा आकडा बघा. पाचच्या आत असेल तर मी मुलाला अधूनमधून देईन. आठच्या पुढे गेला की बाटली परत ठेवते, तिच्यावर कुठलंही चिन्ह असू दे.

साठवणीबद्दल एक सांगायलाच हवं. परिरक्षक नसलेलं गोड पेय बाटलीत भरताना नीट तापवलं नाही तर त्यात यीस्ट जगतं आणि आंबवण चालू होते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका लहान उद्योगानं गुळाचा सोडा बाजारात आणला होता. त्यांच्या कामात मीही होते. पाश्चरायझेशनची टाकी यायला उशीर झाला, आणि मालकांनी उन्हाळा हातचा जाऊ नये म्हणून थंडच भरून माल पाठवला. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात दुपारी तीन बाटल्या फुटल्या. दुकानात कुणी नव्हतं म्हणून काचा कुणाला लागल्या नाहीत. मी तेव्हा माल अडवायला हवा होता, आणि अडवला नाही. तेव्हापासून सांगते: असं पेय फ्रिजमधलंच घ्या, तारीख बघा, झाकण वर आलेलं किंवा उघडताच फेस उसळणारं पेय मुलाला देऊ नका. त्यात थोडा अल्कोहोलही तयार झालेला असू शकतो. तळाशी थोडा गाळ मात्र गुळाच्या पेयात असतोच, त्याला घाबरू नका.

तर तिप्पट पैसे द्यावेत का? मुलाच्या तब्येतीसाठी म्हणून देणार असाल तर नको. जमिनीसाठी देणार असाल तर जरूर द्या, आणि हे मी आपल्या भागाकडे बघून म्हणते. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठची किती जमीन क्षारपड झाली ते तुम्ही जाता-येता पाहिलं असेल. उसाला भरमसाट पाणी आणि खतांच्या गोण्या देऊन आपणच ती तशी केली. सेंद्रियकडे वळणारा शेतकरी पहिली दोन-तीन वर्षं प्रमाणपत्राशिवाय, कमी उताऱ्यावर काढतो. तुमचे जादा पैसे त्याच्यापर्यंत पोचले तर ते फार मोलाचे आहेत. पण ते पैसे गोड पाण्यावर खर्च करण्याऐवजी घरातला रोजचा गूळ, हळद, आलं सेंद्रिय घेण्यात घातले तर त्या शेतकऱ्याकडे जास्त जातात, आणि मुलाच्या ताटातही रोज काहीतरी चांगलं पडतं.

वाढदिवसाला मात्र मुलाला हिरमुसलं करू नका. कोल्याची चव काही परक्या देशातलं गूढ नाही. १८८६ साली अटलांटात जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्यानं पहिला कोका-कोला केला, आणि कोल्याच्या वासात जे ओळखीचं वाटतं ते लिंबू-संत्र्याची साल, दालचिनी, जायफळ, धणे. हे सगळं तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे.

दहा पेल्यांसाठी गडद सेंद्रिय गूळ १२० ग्रॅम घ्या. सव्वातीनशे मिली पाण्यात तो विरघळवा आणि उकळी आली की वरचा फेस चमच्यानं काढून टाका. त्यात दोन लिंबं आणि एका संत्र्याची फक्त वरची रंगीत साल किसून घाला. पांढरा भाग आला तर कडू होतं. दोन इंच दालचिनी, अर्धा चमचा ठेचलेले धणे, बोटभर आलं किसून आणि चिमूटभर जायफळ घाला. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, गॅस बंद करून तसंच निवू द्या. मलमलच्या फडक्यातून गाळा, मग चार लिंबांचा रस घाला. गार झाल्यावर लिंबू घालायचं, आधी घातलं तर वास उडून जातो. हा पाक आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा.

एका पेल्याला यातले तीन मोठे चमचे पाक पुरतात, म्हणजे बारा ग्रॅम गूळ. तेवढ्याच दोनशे मिली नेहमीच्या कोल्यात एकवीस ग्रॅमच्या पुढे साखर असते. सोड्याच्या बाटल्या सकाळपासून फ्रिजच्या अगदी मागे ठेवा, कारण पाणी जितकं गार तितका वायू त्यात टिकतो. आणि मुलं समोर बसल्यावरच ओता: आधी पाक, मग बर्फ, मग पेला तिरका धरून कडेनं हळूहळू सोडा. ढवळू नका, गुळाला फेस फार येतो. सोडा ओततानाच ते आपोआप मिसळतं.